किट आणून पहिल्यांदाच घरी बिअर करतोय, मार्गदर्शन हवंय

वाटसरू
नमस्कार मंडळी,
खूप दिवस मनात होतं, शेवटी किट घेतलंच. १.७ किलोचा डबा आहे, त्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेलं माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड अर्क, झाकणाखाली यीस्टचं छोटंसं पाकीट, सोबत ३० लिटरची घट्ट झाकणाची बादली म्हणजे फर्मेंटर, त्याला खाली नळ, वर एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची डबी), एक हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची काचेची नळी) आणि एक पानभर सूचना. सूचनांप्रमाणे डबा गरम पाण्यात ओतायचा, १ किलो साखर घालायची, २३ लिटरपर्यंत पाणी भरायचं, यीस्ट भुरभुरायचं आणि ७ दिवसांनी बाटल्या भरायच्या. वाचायला एकदम सोपं वाटतं पण नेटवर जरा शोधलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय, म्हणून हा धागा.

साखरच घालू का दुसरं काही? नळाचं पाणी चालेल का? तापमान २१ ते २७ लिहिलंय, माझ्या खोलीत दुपारी २७ होतं, म्हणजे बसतंय ना? आणि सॅनिटायझेशनचा एवढा बाऊ का करतात, भांडी घासून गरम पाण्याने धुतली तर पुरेसं नाही का?

स्वतःपुरती बिअर घरी करायला इथे कायद्याने परवानगी आहे, ते आधीच नीट बघून घेतलंय. वाचणाऱ्यांपैकी कोणाला करायची असेल तर आपापल्या ठिकाणचा नियम बघूनच करा, देशादेशात फार फरक आहे.

काजवा
अरे वा, अभिनंदन! माझं एकच सांगणं, पहिल्या खेपेला किट जसं आहे तसं करा, प्रयोग दुसऱ्या खेपेला. बाकी जाणकार येतीलच. आणि धाग्यावर अपडेट देत राहा, बरेच जण विचारून गायब होतात आणि पुढे काय झालं ते कधी कळतच नाही.

उंबरठा
वाटसरू, सूचनांच्या कागदावरचे दोन आकडे तेवढे विसरा, एक २७ अंश आणि दुसरा ७ दिवस. बाकी कागद ठीक आहे.

२७ अंश हे खोलीचं तापमान झालं. यीस्ट काम करायला लागलं की स्वतः उष्णता सोडतं, जोर असताना आतलं तापमान खोलीपेक्षा सहज ३-४ अंश वर जातं, म्हणजे तुमचं वर्ट (आंबवायचं माल्टचं गोड पाणी) ३० च्या वर. त्या तापमानाला यीस्ट मरत नाही, उलट जोरात धावतं, दोन दिवसांत सगळं उरकून टाकतं, आणि तिथेच घात होतो कारण घाईत ते जड अल्कोहोलं आणि नको इतके एस्टर (फळांसारख्या उग्र वासाची संयुगं) तयार करतं. बिअर मग नेलपॉलिश रिमूव्हरसारखी वासाला आणि घशाला जळजळीत लागते, नंतर कितीही मुरवली तरी ते पूर्ण जात नाही. एल यीस्टला (खोलीच्या तापमानाजवळ आंबणाऱ्या बिअरचं यीस्ट) आत १८ ते २० अंश मिळाले तर उत्तम, २२ पर्यंत चालेल. आणि हे सगळ्यात जास्त महत्त्वाचं पहिल्या दोन-तीन दिवसांत, चवीचं बरंवाईट तेव्हाच ठरतं. नंतर थोडं वर गेलं तरी बिघडत नाही, उलट शेवटी एक-दोन अंश वाढलेले बरेच.

त्यासाठी फ्रिज लागतो असं काही नाही. फर्मेंटर मोठ्या टबात ठेवा, टबात निम्म्यापर्यंत पाणी, फर्मेंटरभोवती जुना सुती टी-शर्ट किंवा टॉवेल असा गुंडाळा की त्याची खालची कड पाण्यात बुडेल, समोर पंखा लावा. कापड पाणी वर ओढत राहतं आणि वाऱ्याने गारवा राहतो. जास्त गरम असेल तर प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या टबात सोडायच्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. बादलीच्या बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी मिळते ती घ्या, खोलीचं तापमान नको, बादलीचं बघा. पट्टी टबातल्या पाण्याच्या पातळीच्या वर पण आतल्या वर्टच्या पातळीच्या खाली लावायची.

शेवंती
उंबरठाकाकांनी तापमानाचं सांगितलंच, मी स्वच्छतेवर लिहिते कारण हा बाऊ मीच सगळ्यात जास्त करते.

घासणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं, आणि दोन्ही याच क्रमाने करायचं. आधी दिसणारी घाण काढायची, त्यासाठी परकार्बोनेटवालं क्लीनर कोमट पाण्यात घालून भिजत ठेवलं की घासावं पण लागत नाही. तारेची घासणी किंवा खरखरीत स्क्रबर अजिबात नको, प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्यात जंतू असे बसतात की नंतर कुठलंच सॅनिटायझर तिथे पोचत नाही. मग दुसरी पायरी सॅनिटायझरची, फॉस्फोरिक आम्लावर आधारलेलं न धुता चालणारं मिळतं ते घ्या, लेबलवर दिलंय त्या प्रमाणात पातळ करा, एक-दोन मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला की झालं. त्याचा फेस आत राहिला तरी राहू द्या, घाबरून नळाच्या पाण्याने विसळू नका, नाहीतर सगळं केलेलं वाया.

ब्लीच स्वस्त पडतं म्हणून लोक वापरतात पण त्याचा अंश जरी राहिला तरी क्लोरीन आणि माल्टमधली फेनॉल मिळून क्लोरोफेनॉल बनतात, त्याचा वास जखमेच्या पट्टीसारखा, आणि इतक्या कमी प्रमाणात जाणवतो की धुतलं होतं नीट हे कितीही म्हटलं तरी उपयोग नाही. आणि ब्लीच आणि आम्ल कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो, हे फार गंभीरपणे सांगतेय.

एक जागा हमखास राहून जाते ती म्हणजे नळ. तो बादलीपासून काढा, नट आणि रबराचा वॉशर सुटा करा, आतला फिरणारा भाग दाबून बाहेर काढा. नवीन नळात पण तिथे कारखान्यातलं तेलकट काहीतरी असतं, आणि एकदा वापरल्यावर त्याच खाचेत तपकिरी चिकट थर जमतो. बाटल्या भरताना सगळी बिअर त्या खाचेवरून जाते. आणि लक्षात ठेवा, वर्ट उकळताना कशाला काही करायची गरज नाही, थंड झाल्यावर त्याला जे जे लागेल ते सगळं सॅनिटाइझ केलेलं हवं, चमचा, कात्री, यीस्टच्या पाकिटाचा बाहेरचा कागदसुद्धा.

पाटीपेन्सिल
साखरेबद्दल लिहितो. १ किलो साधी साखर घातली तर ती जवळजवळ सगळीच आंबते, मागे काही राहत नाही, त्यामुळे बिअर पातळ लागते आणि तोंडात भरल्यासारखी वाटत नाही. त्याऐवजी १ किलो सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे पावडर घाला, त्यातला थोडा भाग यीस्टला खाता येत नाही, तो अंगाला राहतो. पहिल्या खेपेला चवीत एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही. साखर वाईटच असं मात्र नाही, बेल्जियमच्या कितीतरी नावाजलेल्या बिअरमध्ये साखर मुद्दाम घालतात, पण तिथे मुळात माल्ट भरपूर असतं.

पाणी तुम्ही २३ ऐवजी २१ लिटरपर्यंतच भरा, थोडी कमी बिअर पण जास्त चव. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर उकळून जातं पण क्लोरामाइन (काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी घालतात ते) उकळून लवकर जात नाही, त्यासाठी कॅम्पडेनची गोळी म्हणजे मेटाबायसल्फाइट, २०-२५ लिटरला अर्धी गोळी पुरून उरते, चुरून ढवळा, काही मिनिटांत काम होतं. पाणी प्यायला चांगलं लागत असेल तर एक्स्ट्रॅक्ट किटला बाकी काही करायची गरज नाही, क्षार वगैरे डब्यातच आलेले असतात.

आणि डब्यावरची तारीख बघितलीत का? पातळ एक्स्ट्रॅक्ट जुनं झालं की काळपटतं आणि बिअरला एक शिळसर गोडूस चव येते, लोक तिला किटची चव म्हणतात पण ती बहुतेक वेळा जुन्या डब्याची असते.

वाटसरू
बाप रे, एवढं सगळं, मनापासून आभार! तारीख बघितली, अजून वर्षभर आहे. माल्ट पावडर मागवतो. यीस्ट पाकिटातलंच वापरू का वेगळं घेऊ? पाकिटावर यीस्टचं नावच नाहीये, फक्त ६ ग्रॅम लिहिलंय.

उंबरठा
वेगळं घ्या. डब्याबरोबरचं यीस्ट वाईट नसतं पण तो डबा गोदामात कुठल्या उकाड्यात किती दिवस पडला होता हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि ६ ग्रॅम हे २१ लिटरला काठावरचं प्रमाण. ११.५ ग्रॅमचं साधं स्वच्छ चवीचं एल यीस्ट घ्या, पाकिटावर नाव आणि तापमानाची रेंज दोन्ही छापलेलं असतं. डब्यातलं फ्रिजमध्ये ठेवा, अडीनडीला होईल.

बिअर आपण करत नाही, यीस्ट करतं, आपण फक्त त्याची राहायची सोय बघायची, हे एकदा मनात बसलं की बाकी सगळे प्रश्न आपोआप सुटतात. १५१६ च्या बव्हेरियातल्या शुद्धतेच्या कायद्यात बघा, बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय, यीस्टचा उल्लेखच नाही, कारण हे काम कोण करतं ते तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट आलं ते थेट १८८३ मध्ये, कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने केलं ते. त्याआधी मोठ्या मोठ्या ब्रुअऱ्यांची बिअर अधूनमधून बिघडायची आणि का बिघडली ते कळायचं नाही. आज ती शुद्धता आपल्याला एका पाकिटात मिळतेय, मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं.

चौकस
एक शंका, धागाकर्त्याची हरकत नसेल तर इथेच विचारतो. घरी केलेल्या दारूतून विषबाधा होऊन माणसं दगावल्याच्या, डोळे गेल्याच्या बातम्या येतात. मग हे सुरक्षित कसं? मिथेनॉल बनत नाही का?

शेवंती
चौकस, चांगला प्रश्न आहे आणि सगळ्यांनी वाचावा असा आहे. माल्टची साखर यीस्टने आंबवली की इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड बनतो, मिथेनॉल जवळजवळ बनतच नाही, ते मुख्यतः फळांच्या पेक्टिनमधून येतं आणि तिथेही नुसतं आंबवून घातक पातळीला जात नाही. तुम्ही म्हणताय त्या दुर्घटना बहुतेक वेळा दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे होतात. आणि गाळणं म्हणजे डिस्टिलेशन ही पूर्ण वेगळी गोष्ट, त्यात आगीचा धोका मोठा, आणि घरी करणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. या धाग्यात त्याचा काही संबंध नाही.

जंतूंचं म्हणाल तर तयार बिअरमध्ये अल्कोहोल असतं, हॉप्सची आम्लं असतात, पीएच ४ ते ४.५ च्या आसपास असतो आणि ऑक्सिजन नसतो, त्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात सहसा तग धरत नाहीत. जे जंतू तग धरतात ते बिअर आंबट करतात, वास आणतात, पण ते चवीचं नुकसान. खरी काळजी घ्यायची दोन ठिकाणी, एक बाटल्यांतला दाब (ते पुढे येईलच) आणि दुसरं म्हणजे फर्मेंटर अगदी कोंदट बंद खोलीत ठेवू नका, कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी निघतो.

चौकस
धन्यवाद शेवंतीताई, नीट कळलं.

वाटसरू
आज केलं एकदाचं! सगळं भिजवून, सॅनिटाइझ करून घेतलं, नळ खोलला तर खरंच आत काळपट तेलकट थर होता, नवा असून! डबा आधी गरम पाण्यात ठेवला त्यामुळे सिरप छान पातळ झालं, माल्ट पावडरचे मात्र वाफ लागली की गोळे होत होते, ती आधी गार पाण्यात कालवून मग गरम केली तर नीट विरघळली. घरभर असा काही वास सुटला होता की काय सांगू. यीस्ट टाकलं तेव्हा पट्टीवर २० अंश होते. टब, टी-शर्ट, पंखा सगळं जागेवर.

पण एक काळजी. हायड्रोमीटर १.०३१ दाखवतोय, पाटीपेन्सिल यांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) १.०४२ येईल असं सांगितलं होतं. नमुना नळातून नाही, वरून काढला. काही राहिलं का घालायचं?

पाटीपेन्सिल
काही राहिलं नाही, निश्चिंत राहा. एक्स्ट्रॅक्ट किटमध्ये हे नेहमीच होतं. जड सिरप खाली आणि वरून ओतलेलं पाणी वर असे थर राहतात, दिसायला एकजीव दिसलं तरी नसतं, त्यामुळे वरचा नमुना कमी आणि नळाचा जास्त दाखवतो. यीस्ट एकदा घुसळायला लागलं की सगळं मिसळतं.

हिशोब कागदावर होतो. पॉइंट म्हणजे १.०४२ मधले ४२. एक किलो सिरप एका लिटरमध्ये धरलं तर साधारण ३०० पॉइंट, पावडर धरली तर ३७० च्या आसपास. १.७ गुणिले ३०० म्हणजे ५१०, अधिक ३७०, झाले ८८०, भागिले २१ लिटर, म्हणजे ४२. डब्यातलं सगळं खरवडून घेतलं असेल आणि पाणी बरोबर मोजलं असेल तर ओजी (आंबायच्या आधीची घनता) १.०४२ च धरा, वेगळं काही येणं शक्यच नाही.

हायड्रोमीटरबद्दल अजून दोन गोष्टी, त्याच्या कागदावर बघा तो किती अंशांना बरोबर दाखवतो, बहुतेक २० ला, वर्ट ३० अंशांवर असेल तर २-३ पॉइंट कमी दिसतो. आणि आंबत असलेल्या नमुन्यात बुडबुडे काचेला चिकटून त्याला वर उचलतात, म्हणून चिमटीत धरून गर्रकन फिरवायचा, बुडबुडे सुटू द्यायचे, मग वाचायचा. नमुना परत बादलीत ओतायचा नाही, चाखायचा. चव कशी बदलत जाते ते त्याशिवाय कळत नाही.

वाटसरू
ओके, हुश्श! पण आता नवीनच, एअरलॉकमध्ये काहीच हालचाल नाही. काल रात्रभर नाही, आज सकाळपासून नाही. यीस्ट मेलेलं होतं का? डब्यातलं ६ ग्रॅम फ्रिजमध्ये आहे, ते टाकू का?

काजवा
थांबा थांबा, काही टाकू नका. झाकणाच्या कडेने हवा जात असेल.

उंबरठा
काजवाशी सहमत. बादलीच्या झाकणातून गॅस निसटतो आणि एअरलॉक गप्प बसतो, हे इतकं सर्रास होतं की एअरलॉककडे बघायचंच नाही असं मी प्रत्येकाला सांगतो. बुडबुडे आले म्हणजे आंबतंय असं नाही आणि थांबले म्हणजे संपलं असंही नाही, नुसतं खोलीचं तापमान वाढलं तरी विरघळलेला गॅस सुटून बुडबुडे येतात. झाकण उघडू नका, बाहेरून टॉर्च लावा, वर्टच्या वर फेसाचा मळकट थर दिसतोय का किंवा बादलीच्या आतल्या बाजूला तपकिरी कडं पडलंय का बघा. यीस्टला जागं व्हायला १२ ते २४ तास लागतात, कधी त्याहून जास्त.

वाटसरू
टॉर्च लावला, चांगला चार बोटं फेस आहे! वर हिरवट तपकिरी असे चिखलाच्या तुकड्यांसारखे ठिपके, आणि वास जरा अंड्यासारखा येतोय. हे बरोबर ना? पट्टीवर २१ आहे, खोलीत २६.

शेवंती
एकदम बरोबर. ते ठिपके म्हणजे हॉप्सचे कडवट अंश आणि प्रथिनं, फेसावर बसून कडेला चिकटतात. गंधकाचा वास काही यीस्टना येतोच, गॅसबरोबर निघून जातो. २६ च्या खोलीत २१ म्हणजे तुमचा टी-शर्ट उत्तम काम करतोय. आता बादलीला हात लावू नका. यीस्ट टाकायच्या आधी वर्ट घुसळून हवा दिलेली चांगली कारण पेशी वाढायला ऑक्सिजन लागतो, पण आता इथून पुढे ऑक्सिजन शत्रू, तो आत गेला की बिअर काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते.

धुकं
पहिला जोर ओसरला की दुसऱ्या भांड्यात काढायचं असतं ना? जुन्या माहितीत सगळीकडे तसंच लिहिलंय, की खाली बसलेल्या मेलेल्या यीस्टमुळे चव बिघडते.

उंबरठा
धुकं, ते मोठ्या ब्रुअरीच्या उंच टाक्यांचं गणित आहे, तिथे तळाच्या यीस्टवर प्रचंड दाब आणि उष्णता असते. २१ लिटरच्या बादलीत दोन-तीन आठवड्यांत तसं काही होत नाही. उलट दुसऱ्या भांड्यात काढताना हवा मिसळते आणि अजून एक भांडं सॅनिटाइझ करावं लागतं. आणि साखर संपल्यावर यीस्ट लगेच रिकामं बसत नाही, आधी घाईत सोडलेल्या गोष्टी आवरायला घेतं, बटरसारखा वास आणणारं डायअसिटिल, हिरव्या सफरचंदासारखं असिटाल्डिहाइड, हे सगळं परत शोषून घेतं. त्याच वेळी आपण यीस्टला बाजूला काढलं तर हे सगळं बिअरमध्येच राहतं. माझं स्पष्ट मत आहे, एकाच बादलीत दोन आठवडे ठेवा.

धुकं
हे नव्याने कळलं, आभारी आहे काका.

काजवा
वाटसरू, आता थोडे हॉप्स वरून टाकायचे का? सुगंध काय येतो म्हणून सांगू!

शेवंती
काजवा, यावेळी नको रे. आधी साधी बिअर कशी लागते ते त्यांना कळू दे, मग हॉप्सने काय बदललं तेही कळेल.

वाटसरू
हॉप्स पुढच्या वेळी नक्की. फेस केव्हाच खाली बसलाय, परवा मोजलं तर १.०११, आज परत मोजलं १.०११. नमुना चाखला, गार नाही, फेस नाही, तरी बिअर आहे! थोडी कच्ची लागते पण बिअर आहे! आता बाटल्या. त्यांत गॅस धरायला साखर किती घालू? सूचनांत प्रत्येक बाटलीत एक चमचा लिहिलंय.

पाटीपेन्सिल
१.०४२ वजा १.०११ म्हणजे ०.०३१, गुणिले १३१.२५, एबीव्ही (अल्कोहोलचं प्रमाण) साधारण ४.१ टक्के. छान जमलंय.

चमच्याचं सोडा, वजनकाटा घ्या. तुमच्या बिअरला लिटरमागे ६.५ ग्रॅम साखर घाला, २१ लिटरला सुमारे १३५ ग्रॅम, पण तळाचा गाळ सोडून प्रत्यक्षात जेवढे लिटर बाटल्यांत जाणार तेवढ्याचाच हिशोब करा, २० उरले तर १३० ग्रॅम. ती थोड्या पाण्यात उकळा, गार करा, सॅनिटाइझ केलेल्या दुसऱ्या बादलीत तळाशी ओता, त्यावर बिअर नळीने हळूच सोडा, नळीचं टोक तळाला टेकलेलं हवं म्हणजे खळखळ न होता आपोआप मिसळते. सॅनिटाइझ केलेल्या चमच्याने एकदा अलगद फिरवा. यासाठी मात्र दुसरं भांडं हवंच.

आता एफजी (आंबून झाल्यावरची घनता) दोनदा मोजायला का सांगतात ते बघा. हायड्रोमीटरचे नुसते २ पॉइंट उतरायचे राहिले असतील तर ती लिटरमागे ४-५ ग्रॅम साखर झाली, म्हणजे आपण घालतो त्याच्या दोन तृतीयांश, आणि ती वरून आपल्या साखरेत मिळवली की बाटलीतला दाब कुठे जाईल विचार करा. १.०१५ वर घाई करून भरलेली बाटली आणि १.०११ वर भरलेली बाटली दिसायला सारखीच असते, पण एक फुटते. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच, तरच भरायचं, कागदावर ७ दिवस लिहिलेले असोत नाहीतर ७०.

शेवंती
+१, आणि बाटल्या बिअरच्याच घ्या, म्हणजे दाब सहन करणाऱ्या. ज्यूसच्या, वाइनच्या, शोभेच्या चौकोनी काचेच्या अजिबात नको. पहिल्यांदा जाड तपकिरी प्लास्टिकच्या पेट बाटल्या सगळ्यात चांगल्या, भरल्यावर दाबून बघता येतं, दगडासारखी कडक झाली की गॅस धरला. काचेच्या असतील तर क्राउन कॅप (पत्र्याचं दातेरी बूच) नीट बसायला काठ गुळगुळीत हवा, फिरकीच्या आटेवाल्या नको. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. आणि पहिले काही आठवडे सगळ्या बाटल्या झाकण असलेल्या मजबूत खोक्यात ठेवा, लहान मुलांच्या वाटेत नको, काच फुटली तर लांबवर उडते.

वाटसरू
माझ्याकडे काही पारदर्शक आणि काही हिरव्या बिअरच्याच बाटल्या आहेत, चालतील?

शेवंती
दाबाला चालतील, प्रकाशाला नाही. हॉप्समधल्या कडू आम्लांवर निळसर आणि अतिनील प्रकाश पडला की त्यांतून गंधकाचं एक संयुग बनतं, स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास येतो, आणि उन्हात हे काही मिनिटांत होतं. तपकिरी काच तो प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारशी नाही, पारदर्शक अजिबात नाही. त्यामुळे वापरा पण पूर्ण अंधारात ठेवा आणि ग्लासात ओतेपर्यंत बाहेर काढू नका.

वाटसरू
भरल्या! पेट आणि तपकिरी मिळून बहुतेक सगळ्या बसल्या, हिरव्या दोनच लागल्या, त्या काळ्या पिशवीत. नळी तळाला टेकवून सोडली तर खरंच एक थेंब उडाला नाही. आता किती थांबू?

उंबरठा
२० अंशांच्या आसपास दोन आठवडे. लगेच फ्रिजमध्ये नको, गार झालं की यीस्ट झोपतं आणि गॅस धरत नाही. नंतर पिण्याआधी दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, गॅस बिअरमध्ये नीट विरघळतो आणि गाळ तळाला घट्ट बसतो.

वाटसरू
मंडळी, पेट बाटली दगड झाली होती म्हणून राहवलं नाही, एक लवकर गार करून उघडली. फिस्स असा आवाज आला तेव्हा घरातले सगळे गोळा झाले. फेस पांढरा, बारीक, पण पटकन बसला. चवीला हलकी कडू, माल्टची गोडी आहे, पण मागे हिरव्या सफरचंदाची छटा येतेय. हे बिघडलंय का?

शेवंती
नाही, कोवळी आहे. तेच ते असिटाल्डिहाइड, बाटलीतलं यीस्ट साखर खाताना थोडं परत सोडतं आणि मग तेच आवरतं. बाकीच्यांना हात लावू नका, अजून आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. फेसही टिकायला लागेल, गॅस आत्ता बाटलीच्या मोकळ्या जागेत जास्त आणि बिअरमध्ये कमी आहे. ग्लास धुताना साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तरी फेस बसतो, तेही बघा.

वाटसरू
शेवंतीताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. परवा उघडली, सफरचंद गायब, फेस ग्लासाला कडी कडीने चिकटत खाली येत होता, आणि रंग असा स्वच्छ सोनेरी तांबूस की मी आधी नुसता बघतच बसलो. मित्राला दिली तर त्याने ही विकतची नाही यावर विश्वासच ठेवला नाही. पुढची करायचीच आहे, हॉप्स वरून घालून. फक्त ओतताना शेवटी गढूळ येतंय, ते कसं टाळायचं?

पाटीपेन्सिल
मस्तच! ग्लास तिरका धरा, एकाच दमात ओता, मध्ये बाटली सरळ केली की गाळ उसळतो. मानेपाशी गढूळ रेघ येताना दिसली की थांबायचं, तळाचं बोटभर राहू द्यायचं. तो गाळ यीस्टच आहे, पोटात गेला तरी काही होत नाही, काहींना पोट जरा फुगल्यासारखं वाटतं एवढंच.

शेवंती
आणि बाटली रिकामी झाली की त्याच मिनिटाला पाण्याने दोनदा विसळून उलटी ठेवा. तळाचं यीस्ट वाळलं की ते ब्रशनेही निघत नाही, ओलं असताना नुसत्या पाण्याने जातं. पुढच्या खेपेच्या बाटल्यांचं निम्मं काम तिथेच होतं.

काजवा
हॉप्सचा धागा वेगळा काढा, मी कुठले घ्यायचे ते लिहून ठेवतो!